गिळलं तर काय होतं आणि नाही गिळलं तर काय होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी २९ वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालीत. ओरल दोघांनाही आवडतं, पण नवऱ्याचं म्हणणं की शेवटी तिने वीर्य गिळावं, त्यात प्रोटीन असतं, बाकीच्या बायका करतातच की, तुलाच काय होतं. मैत्रीण म्हणते चेहऱ्यावर ग्लो येतो. हिला मात्र मळमळतं, दोन-तीनदा केलं त्यात एकदा उलटी झाली. आता ती विचारतेय की पोटात गेल्याने काही अपाय होतो का, फायदा खरंच असतो का, आणि मला नकोसं वाटतं म्हणजे माझ्यात काही बिघाड आहे का. जाता जाता शेवटी वीर्याच्या रंगाचंही एक विचारलंय, त्याच्याकडे शेवटी येते.

मी गायनॅक आहे, पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात २२ वर्षं ओपीडी करतेय. हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, फक्त इतका सरळ कधीच येत नाही. "मॅडम ॲसिडिटी होते" असा येतो, "पाळी चार दिवस पुढे गेली" असा येतो. बाई केसपेपरची घडी घालून पर्समध्ये ठेवते, चपलेत पाय घालते, दाराला हात लावते आणि मग वळून म्हणते, "मॅडम अजून एक विचारायचं होतं." मी आता पेशंट दारापर्यंत जाईस्तोवर पुढच्या नंबरची बेल मारतच नाही.

आणि खरं सांगू का, बहुतेक वेळा त्या बाईला माहिती नको असते, चिठ्ठी हवी असते. म्हणजे मी लिहून द्यावं की हे तब्येतीला वाईट आहे, मग घरी जाऊन सांगता येतं, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. नवरे येतात तेव्हा त्यांना उलटी चिठ्ठी हवी असते, की सांगा ना मॅडम हिला, काही होत नाही. मी दोघांनाही चिठ्ठी देत नाही, कारण दोन्हीकडून ती खोटी ठरेल. का ते सांगते.

आधी त्यात असतं काय ते बघू. एका वेळी साधारण दीड ते पाच मिली येतं. खोकल्याच्या औषधाबरोबर जो पांढरा चमचा मिळतो तो पाच मिलीचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढं. त्यात शुक्राणू फक्त दोन ते पाच टक्के, बाकी सगळं पाणी आणि ग्रंथींचा स्राव. निम्म्याहून बराच जास्त भाग शुक्राशयातून येतो, त्यात फ्रुक्टोज नावाची साखर असते, शुक्राणूंना प्रवासाला शिदोरी म्हणून. उरलेला बराचसा प्रोस्टेटमधून, त्यात झिंक, सायट्रेट आणि घट्ट झालेलं वीर्य थोड्या वेळाने पातळ करणारी एन्झाइम्स. पीएच ७.२ ते ८ च्या आसपास, म्हणजे किंचित अल्कलाइन, ॲसिडच्या उलट, आणि चव थोडी तुरट-खारट आणि मागे कडवट लागते. आणि तो जो वास असतो ना, नळाला ग्रामपंचायतीने टीसीएल पावडर जरा जास्त टाकली की येतो तसा, तो स्पर्मिन नावाच्या रसायनाचा आणि त्याच्या भावंडांचा. डच माणूस लेव्हेनहूक, ज्याने १६७७ साली सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले, त्यालाच पुढच्या वर्षी सुकलेल्या वीर्यात स्फटिक दिसले होते, ते याच स्पर्मिनचे. वास येतो म्हणजे अस्वच्छ असं नाही, निरोगी वीर्याला तो वास असतोच.

आता प्रोटीन. १०० मिली वीर्यात साधारण पाच ग्रॅम प्रोटीन धरा. तीन-चार मिलीत किती झालं, ग्रॅमचा पाचवा हिस्सा. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. म्हणजे एका अंड्याची बरोबरी करायला तीस वेळा! नवऱ्याला बायकोच्या प्रोटीनची एवढी काळजी असेल तर त्याने सकाळी उठून दोन अंडी उकडून द्यावीत, अंडं चालत नसेल तर मूठभर शेंगदाणे. झिंकचंही तेच, असतं खरं पण त्याने कोणाची कमतरता भरून निघत नाही. उलट्या बाजूने घाबरणाऱ्यांसाठी पण सांगून टाकते, वजन वाढत नाही, डायबिटिस असेल तर शुगर वाढत नाही (साखरेचे चार कण असतात हो), मिशा येत नाहीत, आवाज जाड होत नाही. एका मुलीने खरंच विचारलं होतं मिशांचं, थ्रेडिंगवाली काहीतरी बोलली होती म्हणे.

पोटात गेल्यावर त्याचं काय होतं तर जे वरणाचं होतं तेच. जठरातलं ॲसिड इतकं कडक असतं की शुक्राणू तिथे टिकतच नाहीत, प्रोटीन पचतं, संपलं. अन्ननलिकेतून गर्भाशयाकडे रस्ताच नाही त्यामुळे गिळून दिवस जात नाहीत, कधीच नाही. हे मी लिहितेय कारण गिळल्यानंतर घाबरून मेडिकलमधून इमर्जन्सी गोळी आणून खाल्लेल्या मुली बघितल्यात मी, त्या गोळीने पाळी पुढेमागे झाली की अजून घाबरतात. हां, हाताला लागलेलं वीर्य लगेच योनीपाशी गेलं तर ती वेगळी गोष्ट, आणि तेव्हा योनीमार्गाने संबंधही आलेला असेल तर पाळी चुकल्यावर युरिन टेस्ट करायचीच.

ग्लोचं काय. ग्लो येत नाही. पिऊनही नाही आणि चेहऱ्याला लावूनही नाही, लावून झालंच तर ॲलर्जी होईल. इंटरनेटवर ज्या दोन अभ्यासांचे फॉरवर्ड फिरतात ते मी बघितलेत म्हणून सांगते. एक २००२ चा, अमेरिकेत आल्बनी इथल्या कॉलेजच्या मुलींचा, कंडोम न वापरणाऱ्यांमध्ये डिप्रेशनची लक्षणं कमी दिसली असा. पण तो योनीमार्गाच्या संबंधांबद्दल होता, गिळण्याबद्दल नव्हताच, आणि कंडोम न वापरणारी जोडपी अजून कशाकशात वेगळी असतात हा मोठा प्रश्न उरतोच. दुसरा २००० सालचा हॉलंडमधला, ज्या बायकांना नवऱ्याच्या वीर्याचा तोंडावाटे संपर्क आला होता त्यांच्यात गरोदरपणातलं बीपी, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, कमी दिसलं. त्यात शंभराच्या आतच बायका होत्या. कल्पना मजेशीर आहे, बापाच्या प्रोटीनची आईच्या शरीराला आधीच ओळख होते वगैरे, पण त्यावर कोणी गायनॅक सल्ला देत नाही. बीपीची रिस्क असेल तर आम्ही कमी डोसची ॲस्पिरिन देतो आणि दर व्हिजिटला बीपी बघतो. कोणी हा अभ्यास दाखवून तुम्हाला पटवत असेल तर त्याला आधी डोहाळजेवणाच्या आत चार वेळा तुमच्याबरोबर चेकअपला यायला सांगा.

या प्रोटीन आणि ताकदीच्या गोष्टीच्या मागे आपल्याकडे अजून एक जुनं गाठोडं आहे, धातूचं. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि सगळ्यात शेवटी शुक्र, म्हणजे सगळ्याचा अर्क, असं आयुर्वेदातलं गणित. त्यातूनच ते रक्ताच्या इतक्या थेंबांपासून वीर्याचा एक थेंब वगैरे आलं. यातलं काही शरीरात घडत नाही, रक्ताचं वीर्य होत नाही, शुक्राणू वृषणात रोज तयार होत असतात आणि एक बॅच तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. पण ती भीती इतकी पक्की आहे की धातू जातो म्हणून खंगलेली पोरं भिंतीवरच्या जाहिराती वाचून कुठेकुठे जातात, डॉ. विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्येच त्याला धात सिंड्रोम असं नाव दिलं. आता याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध काय, तर जो पुरुष लहानपणापासून ऐकत आलाय की ही अमूल्य चीज आहे, त्याला बायकोने बेसिनमध्ये थुंकलं की वाईट वाटतं. आपल्यालाच थुंकलं असं वाटतं. मी हे त्याची बाजू घ्यायला सांगत नाहीये, पण भांडण प्रोटीनचं नाहीये एवढं तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगतेय.

आता ज्याच्यावर मला खरं बोलायचंय ते, इन्फेक्शन. आणि इथे लोकांचा सगळ्यात मोठा घोळ असा की गिळलं तर धोका, थुंकलं तर सेफ. असं नाहीये. इन्फेक्शन पोटातून होत नाही, ते ओठ, हिरड्या, जीभ आणि घशाच्या आतल्या ओल्या कातडीतून होतं. वीर्य तोंडात आलं म्हणजे संपर्क होऊन गेला, मग गिळा नाहीतर थुंका, फार फरक पडत नाही. फक्त तोंडात धरून ठेवू नका, जे करायचं ते पटकन. आणि हर्पिस (ओठावर किंवा खाली पाण्याचे फोड येतात तो, अंगावर पट्टा उठतो ती नागीण नव्हे), सिफिलिस, एचपीव्ही (त्वचेतून पसरणारा एक विषाणू) हे तर वीर्य यायच्याही आधी, नुसत्या त्वचेच्या संपर्काने लागू शकतात.

म्हणजे प्रश्न गिळण्याचा नाही, वीर्य कोणाचं आहे आणि त्याची तपासणी झालीय का याचा आहे. दोघंही तपासलेले, दोघांचंही बाहेर काही नाही, तर गिळण्याने तब्येतीला धोका जवळजवळ काही नाही, हे मी नवऱ्याच्या बाजूने स्पष्ट सांगते. बाकी कोणाबद्दल ते सांगता येत नाही, चेहऱ्यावरून तर मुळीच नाही.

घशाचा गोनोरिया (परमा, एक गुप्तरोग) हा यातला सगळ्यात लपून राहणारा. बहुतेकांना काहीच लक्षणं नसतात, झालीच तर घसा खवखवतो, मग माणूस गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, तो टॉर्च मारतो, व्हायरल म्हणतो आणि तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देतो. त्याने अर्धवट दबतो किंवा दबतही नाही. त्याला सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन लागतं, आणि घशातला तो खालच्यापेक्षा चिवट असतो म्हणून नंतर परत तपासून घ्यायचा असतो. आणि लघवीच्या तपासणीत घशातलं कळत नाही! घशाचा स्वॅबच द्यावा लागतो, आणि तो कोणी देणार कधी तर तुम्ही ओरलचं सांगितलंत तरच. कान-नाक-घसावाल्याला सांगायची लाज वाटते मान्य आहे, पण त्याला ज्योतिष येत नाही.

सिफिलिसचा फोड ओठावर, जिभेवर येतो, दुखत नाही आणि आपोआप बराही होतो, त्यामुळे सगळे खूश होतात आणि आजार आत चालू राहतो. व्हीडीआरएल या रक्ताच्या तपासणीत सापडतो, पेनिसिलिनने बरा होतो. हर्पिस उलट्या दिशेनेही जातो, तुमच्या ओठाच्या कडेला तापानंतर पाण्याचे फोड आले असतील तर ते भरेपर्यंत ओरल बंद, त्याला खाली लागण होते. हिपॅटायटिस बी वीर्यात असतो. ही लस देशभर सगळ्या बाळांच्या सरकारी लसीकरणात २०११ मध्ये आली, म्हणजे तुमच्या वयाच्यांना लहानपणी मिळाली असेलच असं नाही. रक्त तपासून तीन डोस घेऊन टाका, ०-१-६ महिने, खर्च फार नाही आणि ओरल करा न करा उपयोगी आहे. एचपीव्हीने घशाचा कॅन्सर होऊ शकतो हे खरं, पण आपल्याकडे तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये अजूनही तंबाखूच पुढे आहे. लस आहे, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली, ती मुलग्यांनाही चालते हे सांगितलं की आमच्याकडे अजून भुवया वर जातात.

एचआयव्ही म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, पण ओरलमधून त्याची शक्यता फार फार कमी आहे. तोंडात जखम असेल, हिरड्यातून रक्त येत असेल, तोंडात वीर्य आलं असेल तर थोडी वाढते. जोडीदार पॉझिटिव्ह असला पण गोळ्या नियमित घेऊन त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडत नाही इतका खाली आणि तसाच टिकून असेल तर संबंधांमधून तो पसरत नाही. खरंच काही गडबड झालीय असं वाटलं तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा, २८ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो, गरज आहे का ते तिथे ठरवतील. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी या एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात फुकट होते, गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, आणि विचारायचंच असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे.

तोंडाच्या जखमेवरून एक. आमच्याकडे बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, पुरुषांच्या गालात गुटखा (२०१२ पासून बंदी आहे म्हणे, टपरीवाल्याला माहीत नसावं). अशा तोंडाची आतली कातडी सोललेली असते, तिखट लागलं तरी आग होते. तिथून जंतू आत जायला सोपं. तसंच ओरलच्या लगेच आधी खसाखसा ब्रश किंवा फ्लॉस करू नका, हिरड्यांना बारीक चिरा पडतात. नुसत्या चुळा भरा. डोळ्यात गेलं तर साध्या पाण्याने भरपूर धुवा, चोळू नका, लाली दुसऱ्या दिवशीही राहिली तर डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा.

बाळाचा विचार चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर झिकाचं लक्षात ठेवा, डासांमुळे पसरणारा विषाणू, पोटातल्या बाळाला इजा करू शकतो. हे परदेशातलं काही नाही, २०२१ मध्ये महाराष्ट्रातली पहिली झिकाची केस आमच्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडली आणि २०२४ मध्ये पुण्यात गरोदर बायकांमध्येही. तो वीर्यातून जातो. नवऱ्याला झिका होऊन गेला असेल तर तीन महिने कंडोम, ओरलला पण, आणि दिवस गेलेले असतील तर बाळंत होईपर्यंत.

ॲलर्जी क्वचित असते पण असते. वीर्यातल्या प्रोस्टेटच्या प्रोटीनची, १९५८ पासून वैद्यकात नोंद आहे. लागलं तिथे खाज, सूज, गांधी, कधी धाप. आणि एक गंमत, २००७ मध्ये एका बाईला ब्राझील नट या सुक्यामेव्याची ॲलर्जी होती, जोडीदाराने तो खाल्ला होता आणि रिॲक्शन हिला संबंधांनंतर आली, वीर्यातून! तुमची उलटी म्हणजे ॲलर्जी नाही. ओठ सुजले, श्वास अडकला तर मात्र थांबायचं आणि दवाखाना.

मग तुम्हाला मळमळतं ते काय. घशाच्या मागे काही लागलं की उबळ येते, प्रत्येकाची कमी-जास्त असते. त्यात तो वास, तो चिकटपणा, अचानक आलेलं, आणि समोरच्याची अपेक्षा. साय पाहिली की काहींना उलटी येते, त्यांना आपण मानसिक रुग्ण म्हणतो का? तुमच्यात बिघाड नाही. आणि ज्यांना आवडतं त्यांच्यातही नाही, हे पण लिहायला हवं, कारण "मॅडम मला चालतं, मी घाणेरडी आहे का" असंही दाराशी उभं राहून विचारून जातात. काहींना चवीचं काही वाटत नाही, काहींना जोडीदाराचा आनंद बघून बरं वाटतं, काहींना एखाद्या दिवशी चालतं आणि पुढच्या महिन्यात नको असतं. उपासाला चालतं का असं एकीने विचारलं होतं, मी म्हटलं बाई तो माझा विषय नाही, गुरुजींना विचारू नकोस एवढंच.

चव बदलायला अननस, दालचिनी वगैरे जे सांगतात त्याला धड पुरावा नाही. सिगरेट, दारू, लसूण कमी केल्याने फरक पडतो असं काही जोडपी सांगतात, पडला तर पडला, सिगरेट सुटली तर मी पेढे वाटीन.

प्रत्यक्षात काय करता येतं तर, त्याने आधी खूण करायची, खांद्यावर हात दाबला तरी पुरे, आणि तुम्ही बाजूला व्हायचं, पुढचं हाताने. उशाशी नॅपकिन ठेवा. किंवा कंडोम, फ्लेवरचे येतात ते मुळात याचसाठी आहेत, फक्त तोच कंडोम नंतर खाली वापरू नका, आग होते. थुंकलं तरी चालतं, आणि त्याला ते लागत असेल तर आधीच बोलून ठेवा, त्या क्षणी नको. हे बोलणं पलंगावर करू नका, गाडीवर जाताना करा, दोघांनाही समोर बघता येतं. माझ्याकडच्या एका जोडप्याचं सासवडहून येताना मिटलं, तो म्हणाला मला वाटलं तिला आवडतंय, ती म्हणाली मला वाटलं तुला नाही म्हटलेलं चालणार नाही.

पण "बाकीच्या बायका करतात" हे वाक्य त्याने परत वापरलं तर त्याला विचारा, कुठल्या, कोणाच्या. मोबाईलवर दिसतात त्या बायकांना त्याचे पैसे मिळतात. आणि हे विनवणीच्या पलीकडे गेलं, डोकं धरणं, अबोला, बाहेर जाईन अशी धमकी, तर तो पसंतीचा विषय राहत नाही. संमतीने केलेलं ओरल २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने गुन्हा राहिलं नाही, पण बायकोवर केलेली लैंगिक जबरदस्ती २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात बसते, आणि १८१ हा महिलांसाठीचा नंबर चोवीस तास चालतो. तुमच्या लिहिण्यावरून तुमच्याकडे तसं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांकडे तुमच्यासारखंच असेल असं नाही.

चिठ्ठीचं तेवढं राहिलं. बघा, तब्येतीला वाईट आहे असं मी लिहून दिलं आणि उद्या त्याने सगळ्या टेस्ट करून रिपोर्ट समोर ठेवले, मग काय करणार? म्हणून नकोय तर नकोय, माझ्या सहीशिवाय.

आता रंगाचं. पांढरट, राखाडी किंवा किंचित पिवळसर हे सगळं नॉर्मल आहे, बरेच दिवसांनी आलं तर पिवळट आणि घट्ट असतं, व्हिटॅमिनच्या गोळ्यांनीही पिवळं दिसतं. हिरवट झाक, घाण वास, लघवीला जळजळ, लिंगातून पू असलं काही असेल तर ते थांबवून तपासणी, दोघांचीही, एकट्याची नाही. लालसर किंवा चॉकलेटी म्हणजे रक्त, तरुण माणसात बहुतेकदा एक-दोनदा येऊन थांबतं पण परत आलं किंवा वय चाळिशीपुढचं असेल तर युरॉलॉजिस्टला दाखवायचं. तुम्ही लिहिलंय दोनदा पिवळसर दिसलं आणि तेव्हा तो आठ दिवस गावी होता. मग काही नाही त्यात.